फोनमधल्या एफएम ट्रान्समीटरचा सिग्नल गाडीच्या रेडिओवर नीट कसा मिळवावा?

चोपडेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

२०१० साली बाजारात आलेला नोकिया एन ८ हा फोन माझ्याकडे अजून सुस्थितीत आहे. बोलण्यासाठी दुसरा फोन असल्यामुळे हा मी केवळ गाण्यांसाठी राखून ठेवला आहे, कारण त्यात एफएम ट्रान्समीटर अंगचाच आहे आणि आमच्या जुन्या गाडीतल्या टेपला कॅसेट व एफएम याखेरीज काही नाही; ना यूएसबी, ना ऑक्स. फोनवर गाणे लावायचे, ट्रान्समीटर सुरू करायचा आणि गाडीच्या रेडिओवर तीच फ्रिक्वेन्सी लावायची, एवढाच व्यवहार. फोनमध्ये बहुतेक करून आमच्या मावशीने आणि गल्लीतल्या बायकांनी रोटांच्या, म्हणजे कानबाई देवीच्या उत्सवाच्या, वेळी म्हटलेली कानबाईची अहिराणी गाणी आहेत. ती मीच घरी ध्वनिमुद्रित केलेली असून आईला प्रवासात तीच ऐकायची असतात.

अडचण अशी आहे की चोपड्याला घरच्या अंगणात गाडी उभी असताना आवाज बऱ्यापैकी येतो, परंतु रस्त्याला लागल्यावर खरखर सुरू होते. अडावद, धानोऱ्यापर्यंत ती सहन करण्याजोगी असते. तापीचा पूल ओलांडला की वाढत जाते आणि जळगावात शिरताना मावशीच्या ओळीच्या मध्येच एखाद्या केंद्राचा निवेदक बोलू लागतो. फोन मी गियरजवळच्या खणात ठेवतो व तो सिगारेट लायटरच्या चार्जरला जोडलेला असतो. गाडीचा एरिअल चालकाच्या बाजूला, पुढच्या काचेलगतच्या खांबावर बाहेरून बसवलेला आहे. एका स्नेह्यांचे म्हणणे पडले की उच्चदाबाच्या विजेच्या तारांमुळे असे होते. भुसावळकडे जाताना दीपनगरच्या वीज केंद्राजवळ खरखर वाढल्यासारखी वाटतेही, पण ते कारण मला पटलेले नाही.

फोनमधल्या ट्रान्समीटरची ताकद एखाद्या सॉफ्टवेअरने वाढवता येते काय, किंवा बाहेरून तार जोडून काही साधते काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


बिनतारी_भुसावळ

चोपडेकर भाऊ, आपला फोन बिघडलेला नाही. तो जितका चालावा तितकाच चालत आहे, आणि ही मर्यादा त्यात मुद्दाम घातलेली आहे. युरोपातील नियमांप्रमाणे अशा उपकरणाने जास्तीत जास्त ५० नॅनोवॅट, म्हणजे एका वॅटचा दोन कोटीवा भाग, एवढीच शक्ती हवेत सोडायची असते. या फोनसोबतच्या माहितीपुस्तिकांतही ट्रान्समीटरचा पल्ला दोन मीटरपर्यंतच सांगितलेला असे. दुसरीकडे आकाशवाणीच्या केंद्रांची शक्ती किलोवॅटमध्ये मोजतात. तेव्हा केंद्राशी जोराची बरोबरी करण्याचा विचार सोडून द्यावा आणि फोन ते एरिअल या हातभर अंतरात काय वाया जाते तेवढे पाहावे.

आधी फ्रिक्वेन्सीचे पाहू, कारण जळगावात निवेदक मध्ये येतो त्याचे मूळ तिथे आहे. एफएमच्या ग्राहक यंत्राचा स्वभाव असा की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर ते दोघांची सरमिसळ करीत बसत नाही. जो थोडासा जरी वरचढ असेल त्याला धरते आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकते. याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. चोपड्याकडे ते दूरचे केंद्र क्षीण असते म्हणून आपला फोन जिंकतो. जळगाव जवळ येते तसे पारडे फिरते आणि फिरण्याच्या त्या सीमेवर दोघांची झटापट ऐकू येते. याचा अर्थ आपण निवडलेली जागा मुळात रिकामी नव्हतीच, चोपड्यात ती रिकामी भासत होती एवढेच. म्हणून फ्रिक्वेन्सी घराच्या अंगणात निवडू नये. ज्या टोकाला केंद्रांची गर्दी जास्त, त्या टोकाला, म्हणजे जळगावात गाडी उभी करून निवडावी.

निवडताना एक गोष्ट कानाने नीट पारखावी लागते. फोनचा ट्रान्समीटर बंद ठेवून, गाडीचे इंजिन चालू ठेवून, रेडिओ हाताने ०.१ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी पुढे सरकवावा. आपोआप शोधण्याचे बटण वापरू नये, कारण ते फक्त जोरदार केंद्रांवर थांबते. बहुतेक लोक जिथे खरखर कमी तिथे थांबतात आणि तिथेच फसगत होते. खरखर दबलेली आहे याचा अर्थ तिथे कुठल्या तरी केंद्राची वाहक लहर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, पोचते आहे. तिने आवाज आणला नसला तरी खरखर दाबली आहे. आपल्याला हवी ती जागा म्हणजे जिथे भरघोस, एकसारखी, मोठ्या आवाजाची खरखर आहे ती. तिच्या दोन्ही बाजूंना निदान ०.४ मेगाहर्ट्झपर्यंत जोरदार केंद्र नसेल तर उत्तम. एन ८ चा पट्टा ८८.१ ते १०७.९ मेगाहर्ट्झ असा असल्यामुळे दोन्ही टोके तपासून पाहावीत, मात्र १०७.८ आणि ९०.४, ९०.८, ९१.२ या फ्रिक्वेन्सी आपल्या देशात सामुदायिक रेडिओला दिल्या जातात, हे ध्यानात असू द्यावे.

हिवाळ्यात पहाटे निघालात तर आणखी एक अनुभव येईल. थंड रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार राहते. अशा वेळी या लहरी वाकून नेहमीपेक्षा पुष्कळ दूर जातात आणि दुपारी मोकळी असलेली जागा सकाळी कुठल्या तरी परमुलखातल्या केंद्राने व्यापलेली आढळते. त्यावर इलाज नाही. ऊन चढले की ते आपोआप निघून जाते. म्हणून रेडिओच्या बटणांवर दोन रिकाम्या जागा साठवून ठेवाव्यात.

आता अंतराचे. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर असते. तिच्यासाठी सोयीचा एरिअल पाऊण मीटरचा, आणि आपल्या फोनची सगळी लांबी वीतभरही नाही. शिवाय एन ८ चे अंग अ‍ॅल्युमिनियमचे असून प्लॅस्टिक फक्त वरच्या व खालच्या टोकाला आहे. त्यावर धातूची पट्टी किंवा चुंबक असलेले कव्हर घातले असेल तर ते प्रथम काढावे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की पोचणारी शक्ती चौपट होते, आणि लहरीच्या लांबीच्या साधारण सहाव्या भागाच्या, म्हणजे अर्ध्या मीटरच्या, आत आल्यावर ती याहूनही झपाट्याने वाढते. गियरजवळच्या खणातून फोन उचलून एरिअलच्या खांबाशी, काचेच्या आतल्या कडेला होल्डरमध्ये उभा केला, तर कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय जो फरक पडेल तो ताकद वाढवून मिळणे अवघड आहे. गियरच्या खणाभोवती पत्रा असतो, त्यावर आपला हात, त्याखाली गिअरबॉक्स. ट्रान्समीटरला याहून वाईट जागा गाडीत सापडणार नाही! होल्डरमध्येही फोन एकदा उभा, एकदा आडवा, एकदा उलटा करून पाहावा, कारण आतली अँटेना कोणत्या बाजूला आहे हे कानच सांगतात. हे करताना काचेतून समोरचे दिसणे अडणार नाही, एवढे मात्र पाहावे.

विजेच्या तारांबद्दल आपल्याला जे वाटते ते रास्त आहे. उच्चदाबाच्या तारांचा उपद्रव मुख्यतः मध्यम लहरींवर होतो. तो एफएमवर फारच थोडा जाणवतो, एखादा इन्सुलेटर तडकून ठिणग्या टाकीत असेल तर गोष्ट वेगळी. दीपनगरजवळ खरखर वाढते तिचा संशय मी तारांआधी आपल्या चार्जरवर घेईन.


कारडेक_एरंडोल

वरील उत्तर शास्त्राच्या दृष्टीने पूर्ण आहे. मी गाड्यांचे टेप बसवण्याचे व दुरुस्तीचे काम करतो, म्हणून हाताखालच्या गोष्टी तेवढ्या सांगतो.

पहिली गोष्ट चार्जरचीच. स्वस्त चार्जर बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करताना वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतात आणि आत गाळणीचे भाग घातलेले नसतील तर त्याचा कचरा एफएमच्या पट्ट्यापर्यंत पसरतो. वायर फोनला जोडलेली असल्यामुळे तो कचरा थेट ट्रान्समीटरच्या अंगाशीच येऊन बसतो. परीक्षा सोपी आहे: गाणे चालू असताना चार्जर सॉकेटमधून उपटावा, नुसता फोनमधून नव्हे. खरखर तत्क्षणी उतरली तर दोष सापडला. अशा वेळी चांगला चार्जर घ्यावा, किंवा वायरवर चार्जरच्या बाजूला फेराइटचे, म्हणजे असा गोंगाट अडवणारे, कडे बसवून तिचे दोन-तीन वेढे त्यातून काढावेत. सगळ्यात सोपे म्हणजे घरून फोन पूर्ण चार्ज करून निघावे. खरखर नसून शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो चढत असेल, तर मात्र तो आल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, आहे. त्याचा इलाज टेपच्या पुरवठ्यावर व अर्थिंगवर करावा लागतो.

दुसरी गोष्ट एरिअलच्या बुडाची. जुन्या गाडीत एरिअल जिथे बॉडीला घट्ट बसतो तिथे पत्र्याला गंज धरतो आणि केबलवरच्या जाळीचे अर्थिंग सुटते. तसे झाले की ती केबल स्वतःच एरिअल बनून डॅशबोर्डमागचा सगळा विजेचा गोंगाट गोळा करते. मीटर असेल तर टेपमागची पिन काढून तिच्या बाहेरच्या कडीपासून बॉडीपर्यंतचा रोध मोजावा. तो शून्याच्या जवळ हवा. रोध जास्त भरला तर बुडाचा नट सोडून, पत्रा पॉलिश पेपरने घासून, पुन्हा आवळावा. आपल्याकडच्या धुळीत आणि पावसाळ्यात हे काम वर्षा-दोन वर्षांनी करावेच लागते, पण करतो कोण?

तिसरी युक्ती ऐकायला उलटी वाटेल. शहरात शिरताना एरिअलची दांडी पूर्ण आत ढकलून पाहावी. बाहेरच्या केंद्राचा सिग्नल त्याने खूपच उतरतो, तर फोन एरिअलच्या बुडाजवळ असल्यामुळे त्याचा सिग्नल त्या मानाने कमी उतरतो. दोघांतले अंतर आपल्या बाजूने वाढते. माझ्या गिऱ्हाइकांना ही युक्ती सांगितली की ते आधी हसतात.

आणि टेपवर स्टिरिओ-मोनोचे बटण असेल तर मोनोवर ठेवावे. सिग्नल दुबळा असताना स्टिरिओ उलगडण्याच्या खटाटोपात खरखर पुष्कळ वाढते. घरी फोनवर टिपलेली कानबाईची गाणी तशीही मोनोच असतील.


सातपुडा_९००

सॉफ्टवेअरविषयी प्रश्न होता म्हणून लिहितो. ताकद वाढवण्याच्या ज्या चर्चा आपण वाचल्या असतील त्या बहुधा एन ८ च्या नसून नोकिया एन ९०० च्या आहेत. त्या फोनवर लिनक्सवर आधारलेली मायमो ही प्रणाली होती आणि ट्रान्समीटरसाठी सिलिकॉन लॅब्सची एसआय ४७१३ ही चिप होती. तिच्या ड्रायव्हरमध्ये ताकदीचा आकडा ८८ पासून ११५ डेसिबल-मायक्रोव्होल्टपर्यंत बदलता येतो व अँटेना जुळवणीचा कपॅसिटरही वापरणाऱ्याला हाताने ठरवता येतो. माझ्याकडे तो फोन आहे. फरक पडतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती साधने एन ८ च्या सिंबियन प्रणालीवर चालत नाहीत, तेव्हा आपल्यासाठी हा मार्ग बंद समजावा.

आणि तो बंद आहे ते बरेच आहे, असे माझे मत आहे. मर्यादेबाहेर ताकद वाढवली की वस्तू फोन न राहता विनापरवाना प्रसारण यंत्र होते. आपल्याकडे १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा याबाबतीत फार कडक होते, आणि २०२३ चा नवा दूरसंचार कायदाही परवान्याच्या बाबतीत सैल नाही. बिहारमधील वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावी राघव महतो या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने घरगुती साहित्यातून एफएम केंद्र उभे केले होते. पंचक्रोशीत ते अतिशय लोकप्रिय होते, तरी परवाना नाही म्हणून २००६ मध्ये ते बंद करण्यात आले. गाडीतल्या गाण्यांसाठी कोणी तेवढे करणार नाही हे खरे, पण बाहेरून लांब तार जोडण्याआधी एवढे माहीत असावे.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे एक अंग अजून राहून गेले आहे. गाणी घरी टिपलेली आहेत, म्हणजे त्यांची पातळी खाली असणार. एफएममध्ये आवाजाचा चढ-उतार फ्रिक्वेन्सीच्या चढ-उतारात बदलतो आणि मोठी केंद्रे दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत त्याचा पुरेपूर उपयोग करतात. आपली फाइल हळू असेल तर फोन त्यातला थोडासाच भाग वापरतो. मग आपण रेडिओचा आवाज वाढवता आणि त्याबरोबर खरखरही वाढते. संगणकावर ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रोग्रामात गाणी उघडून नॉर्मलाइझ करावीत, म्हणजे त्यांची पातळी वर आणावी, आणि मावशींचा आवाज मोठा व बाकीच्या बायकांचा लहान असेल तर थोडे कॉम्प्रेशनही द्यावे, म्हणजे लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करावा. फार देऊ नये, नाहीतर टाळ्या आणि घरातली भांडीही गाण्याइतकीच मोठी ऐकू येतात.


शहादेकर

एवढ्या खटपटीपेक्षा सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ एफएम ट्रान्समीटर घ्यावा. काही शे रुपयांत मिळतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या फोनशी झुंजण्यात काय हशील?


बिनतारी_भुसावळ

शहादेकर दादा, तो पर्याय आहेच, पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. तोही हवेतूनच पाठवतो, त्यालाही रिकामी फ्रिक्वेन्सी लागते, आणि तो नेमका सॉकेटमध्येच खोल बसतो, म्हणजे गियरजवळच्या त्याच वाईट जागी. आतला व्होल्टेज बदलणारा भाग हलका असला की चार्जरचा दोष त्याच्यात अंगभूत असतो. काहींची ताकद जास्त असल्यामुळे ते बरे वाजतात एवढेच.

हवेचा संबंधच तोडायचा असेल तर तारेने जोडायचा एफएम मॉड्युलेटर मिळतो. तो एरिअलची केबल आणि टेप यांच्यामध्ये बसतो, चालू केला की बाहेरच्या एरिअलला तोडून फोनचा आवाज केबलमधूनच टेपला देतो आणि बंद केला की एरिअल पुन्हा जोडतो. एन ८ ला साडेतीन मिलिमीटरचे हेडफोन छिद्र आहे, तेवढे पुरते. मग जळगाव काय नि मुंबई काय, निवेदक मध्ये येण्याचा प्रश्नच उरत नाही.


चोपडेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्यापैकी जमले तेवढे करून पाहिले, त्याचा वृत्तान्त देतो.

चार्जर सॉकेटमधून काढताच जवळजवळ निम्मी खरखर गेली. दीपनगरच्या तारा बिचाऱ्या निर्दोष निघाल्या. फोन आता खांबालगत होल्डरमध्ये उलटा, म्हणजे चार्जिंग पिन वर करून ठेवतो, त्या स्थितीत आवाज सर्वांत स्वच्छ येतो. एरिअलचे बूड उघडले तेव्हा नटाखाली तांबूस गंजाचा चांगला थर होता. घासल्यावर इंजिन चालू असतानाची चरचर थांबली. गाणी भाच्याने ऑडॅसिटीत सारखी करून दिली. फ्रिक्वेन्सी जळगावातच, गाडी बाजूला लावून निवडली. भरघोस खरखरीची खूण तंतोतंत लागू पडली, आणि दुसरी जागाही साठवून ठेवली आहे. परवा धुळ्याला जाताना एरंडोल, पारोळ्यापर्यंत एकही अडथळा आला नाही. धुळ्याच्या अलीकडे पहिली जागा बिघडली, तेव्हा दुसरीवर गेलो. दांडी आत ढकलण्याचा उपाय तिथे करून पाहिला. फरक पडतो, पण थोडाच.

आता एकच शंका. मॉड्युलेटर बसवायचा तर टेप बाहेर काढावा लागेल आणि त्याच्या फ्रेमचे क्लिप जुने झाले आहेत. त्याऐवजी कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर, ज्याची वायर फोनच्या हेडफोन छिद्रात जाते, तो एफएमपेक्षा बरा वाजतो काय?


कारडेक_एरंडोल

बरा वाजतो, मात्र टेपचा हेड स्वच्छ असला पाहिजे. अडॅप्टरमध्ये एक छोटे चुंबकीय हेड असते आणि ते टेपच्या हेडला चिकटून आवाज देते. मध्ये हवा नाही, फ्रिक्वेन्सी नाही, केंद्र नाही. प्रथम कान साफ करायच्या कापसाच्या इअर-बडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड व रबरी रोलर पुसून घ्यावा, काळपट-तपकिरी डाग निघतील. आवाज एकाच बाजूने आला किंवा दबका आला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून जुळवणी करावी, पाव वेढ्याच्याही आत.

एक अडचण आधीच सांगतो. आपला टेप ऑटो-रिव्हर्सचा असेल तर काही अडॅप्टरांत तो कॅसेट संपली असे समजून सारखी बाजू बदलत राहतो, कारण त्याला आतली चक्रे फिरण्याचा अंदाज लागत नाही. म्हणून घेताना आतली दाते असलेली चक्रे दोन्ही दिशांना मोकळी फिरतात ना, हे बोटाने फिरवून पाहावे. वायर कोणत्या बाजूने बाहेर येते तेही पाहावे, नाहीतर टेपचे झाकण बंद होत नाही. क्लिपची काळजी करू नये. गाडी घेऊन आलात तर ते मी बदलून देईन.